सुईकाकू

ऑक्टोबर लागला की सुईकाकू माणसाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. थेट दंडाकडे बघायच्या. लिफ्टमध्ये, खाली सुपरमार्केटात दह्याच्या फ्रिजपाशी, दिवाळीच्या फराळाला, कुठंही गाठ पडली की पहिला प्रश्न एकच, “टोचलंस?” कसा आहेस, गावाहून कधी आलास, हे सगळं त्यानंतर. नवीन माणूस गोंधळून जायचा. आमच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंना तर बरेच दिवस वाटत होतं, की या बाई गोंदवून देण्याचा व्यवसाय करतात.

त्यांचं खरं नाव शैला आठल्ये. दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही सहाव्या. मूळच्या मुलुंडच्या. एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट होत्या. नवरा ऐन चाळिशीत इथंच गेला, मूलबाळ नव्हतं, तरी त्या परत गेल्या नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, “तिथं गेले की मी विधवा. इथं मी सीनियर टेक्नॉलॉजिस्ट. तूच सांग, कुठं राहू?” ठेंगणा बांधा, आखूड कापलेले पांढरे केस, पायात बाराही महिने स्पोर्ट्स शूज, साडीवरसुद्धा. सुईकाकू हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी पाडलं आणि त्यांना ते आवडलं. दारावरच्या पाटीखाली त्यांनी ते नाव स्केचपेननं लिहूनही टाकलं होतं.

या बाईबद्दल मी आज प्रेमानं लिहायला बसलोय खरा, पण ते प्रेम त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. आलं ते काय आलं, तेही मलाच सांगायला हवं.

दरवर्षी लशीचे दिवस आले की एका शनिवारी त्या बिल्डिंगमधल्या पोरांना घरी बोलवायच्या. टेबलावर एक मोठं संत्रं, एका वाटीत लवंगा, दुसरीत टाचण्या. पोरांनी संत्र्याला दोन्ही टोचायचं. सगळं संत्रं काट्यांनी भरलं की त्या ते हातात धरून सांगायच्या, “हा फ्लूचा व्हायरस. लवंगा म्हणजे एच, टाचण्या म्हणजे एन. पूर्ण नावं लांबलचक आहेत, तुमच्या जिभेला गाठ बसेल. तर हा एच आपल्या घशातल्या पेशीला घट्ट धरतो. धरलं की आत शिरतो. आत त्याच्या हजारो नकला तयार होतात. पण बाहेर पडताना त्या पेशीच्या अंगालाच चिकटून बसतात. तेव्हा हा एन येतो आणि कात्रीसारखं कापून त्यांना मोकळं करतो. मग तुम्ही खोकलात, की निघाले शेजाऱ्याकडे.”

माझी सई तेव्हा आठ वर्षांची होती. ती म्हणाली, “सो वन इज फॉर गोइंग इन, अँड वन इज फॉर एस्केपिंग?”

“करेक्ट! आता हेच मराठीत.”

सईनं जरा विचार केला. “एक आत जायला, आणि एक पळून जायला.”

“शाब्बास.” मग काकूंनी एका लवंगेचं डोकं नखानं अर्धवट मोडलं. “आपल्या अंगात पहारेकरी असतात. ते या लवंगेचं डोकं बघून चोर ओळखतात. पण व्हायरस स्वतःची नक्कल करताना सारखा चुकतो. एखाद्या चुकीनं डोकं असं जरासं बदलतं, आणि पहारेकरी म्हणतात, हा कोण? याला तर कधी बघितलं नाही. जाऊ दे आत.” त्यावर एका पोरानं विचारलं, की व्हायरस एवढा हुशार कसा? काकू म्हणाल्या, “त्याला मेंदूच नाही रे. तो नुसत्या चुका करतो. त्याच्या चुका त्याला फळतात, आपल्या आपल्याला भोवतात.”

हे वाक्य त्यांनी दारात उभ्या असलेल्या आम्हा आईबापांकडे बघून म्हटलं. आम्ही हसलो.

‘गॅरंटी’ या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. लस म्हणजे अंदाज, असं त्या अगदी उघड सांगायच्या. थंडी सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी, देशोदेशीचे नमुने तपासून, पुढचा एच साधारण कसा दिसेल ते ठरवावं लागतं, कारण लस बनवायलाही वेळ लागतो. तेवढ्या वेळात तो बदलला, तर अंदाज हुकतो. “त्यातून आपण राहतो दुबईत. ऑस्ट्रेलियातला हिवाळा आणि युरोपातला हिवाळा इथं एकाच लिफ्टमधून वर येतात,” असं त्या म्हणायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मोहित्यानं एकदा विचारलं, “मग काकू, घ्यायची तरी कशाला?” तर म्हणाल्या, “शारजा रोडवर सीटबेल्ट लावतोस ना? आज ठोकणार नाही अशी गॅरंटी घेऊन लावतोस का?” मोहिते म्हणाला, “खलास! टोचा.”

त्या वर्षी माझे वडील, अण्णा, चार महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यावर चिंचवडच्या घरात ते एकटेच होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, दमेकरी, आणि कोविडनंतर सुई म्हटलं की चिडणारे. “तीन टोचल्या त्या वेळेला, आता मेलो तरी चालेल,” असं म्हणायचे. मी एका शिपिंग एजन्सीत ऑपरेशन्स बघतो. आठवड्यातले तीन दिवस खोर फक्कानला, डोंगरापलीकडच्या बंदरावर असतो. माझी बायको अनघा शाळेत शिकवते. दिवसभर घरात एकट्या बसणाऱ्या अण्णांना सोबत लाभली ती सुईकाकूंची. त्यांची ड्यूटी बहुधा सकाळची असायची. दुपारी साडेतीनला त्या वर यायच्या आणि दोघं भारतातून आलेल्या जुन्या मासिकांतली शब्दकोडी सोडवत बसायचे. काकू त्यांना ‘टेलिफोनवाले’ म्हणायच्या, अण्णा त्यांना ‘बाई’.

“आडवं सात. पाच अक्षरी. ‘हट्टी’ला समानार्थी.”

“टेलिफोनवाले.”

“सहा अक्षरं होतात बाई ती. मोजा.”

अण्णांना इतकं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. अल मनखूलमध्ये साठे म्हणून एक कुटुंब राहतं, त्यांच्याकडे एक शनिवार सोडून भजन असतं. काकूंनी अण्णांना तिथं नेलं, पेटीवर बसवलं. चिंचवडहून आलेला हा माणूस दोन महिन्यांत इथल्या मराठी मंडळींत माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा झाला.

लशीसाठी त्यांना राजी केलं तेही काकूंनीच. मी समोर बसलो होतो, म्हणून ते बोलणं मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. आणि तरीही मी पुढे ते वेगळंच सांगितलं.

अण्णा म्हणाले, “घेतली की होणार नाही ना बाई?”

काकू म्हणाल्या, “होऊ शकतो. खोटं कशाला सांगू? तुमच्या वयाला ती लागूही कमी पडते. पण झालाच तर बहुतेक वेळा कमी त्रासाचा होतो. तुमचा दमा बघता मी तुमच्या जागी असते तर घेतली असती.”

“आणि तरी मेलो तर?”

“तर मी चुकले म्हणून रडेन. पण आत्ता घ्या.”

अण्णांनी तिथंच बाही वर केली. “इथं नाही, हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये,” काकू म्हणाल्या.

मग काकू माझ्याकडे वळल्या. “म्हाताऱ्या माणसाला लस कमी लागू पडते, म्हणून त्याच्या आजूबाजूच्यांनी आधी घ्यायची. अनघा आणि सई परवा येतायत. तू?”

मला त्या आठवड्यात बंदरावर जहाजांची रांग लागलेली. त्यांच्या क्लिनिकला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. मी म्हणालो, “घेतली काकू. ऑफिसात कँप होता.”

“कुठल्या हातावर?”

मी उजवा दंड दाखवला.

त्यांनी त्या दंडाकडे बघितलं. “उजव्या हातानं लिहितोस ना तू?”

“हो.”

“बहुतेक लोक डावा देतात. उजवा दोन दिवस ठणकतो.” एवढंच म्हणाल्या, आणि कोड्याकडे वळल्या. मला वाटलं, निभावलं.

जानेवारीत एका बुधवारी खोर फक्कानलाच मला कणकण वाटायला लागली. गुरुवारी अंगात ताप होता. मी दोन गोळ्या घेतल्या, डोंगरातला रस्ता कापत घरी आलो आणि सोफ्यावर अण्णांशेजारी बसलो. भारताची मॅच चालू होती. अण्णांनी माझ्या कपाळाला हात लावला. “तापलायस रे.” मी म्हणालो, “उन्हातून आलोय.” त्यांनी आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि आम्ही मॅच संपेपर्यंत तसेच बसलो. मी खोकत होतो. मधे एकदा त्यांच्या पेल्यातलं पाणीही प्यायलो.

रविवारी अण्णांना ताप भरला. मंगळवारी त्यांचा श्वास लागायला लागला तेव्हा मी पुन्हा बंदरावर होतो. काकू आणि अनघानं त्यांना काकूंच्याच हॉस्पिटलात नेलं. मी पोचेपर्यंत त्यांना आयसीयूत हलवलं होतं. काचेतून त्यांनी हात वर केला, एवढीच आमची भेट. त्यानंतर त्यांना श्वासाची नळी घातली. नवव्या दिवशी ते गेले. त्या नऊ दिवसांत काकू ड्यूटी संपली की लॅबची निळी टोपी काढून आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायच्या. अनघाला डब्यातून खिचडी आणून द्यायच्या. मी मात्र त्यांच्याकडे बघूच शकत नव्हतो. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो, की हे दुःखामुळं होतंय.

अण्णांचा नमुना पुढे एका मोठ्या लॅबला तपासणीसाठी गेला होता. त्याचा निकाल यायला काही आठवडे लागले. तोपर्यंत आम्ही चिंचवडला जाऊन दिवस करून परत आलो होतो. साठ्यांकडे मंडळींनी अण्णांच्या आठवणीसाठी भजन ठेवलं. पेटी नुसतीच मधोमध ठेवली होती, कुणी वाजवायला बसलं नाही. भजन संपल्यावर चहा चालू असताना साठेकाकांनी सहज विचारलं, “पण त्यांनी लस घेतली होती ना?”

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी कप खाली ठेवला. “घेतली होती. काल रिपोर्ट आला. त्यांना झालेल्या व्हायरसचा एच बदललेला होता. लशीतल्याशी नीट जुळला नाही.”

त्यांनी हे जसं होतं तसं सांगितलं, लॅबमध्ये सांगतात तसं. आणि मला त्या वाक्यात सुटायची वाट दिसली. महिनाभर जे माझ्या छातीवर बसलं होतं, ते ठेवायला एक जागा सापडली.

“म्हणजे लस चुकीची होती,” मी म्हणालो.

“चुकीची नाही. अंदाज पूर्ण बरोबर आला नाही.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“आधी कुणालाच माहीत नसतं मंदार.”

“मग गॅरंटी कशाला दिलीत?” माझा आवाज चढला होता. “ते नको म्हणत होते. तुम्ही मागे लागलात. घ्या, काही होणार नाही, मी आहे ना, असं म्हणालात तुम्ही. तुमच्या या सुयांच्या नादापायी माझा बाप गेला!”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या दंडावर गेली. तिथं जेमतेम एक श्वासभर थांबली असेल. त्या क्षणी मला कळलं, की यांना माहीत आहे. आता या बोलणार. एकच प्रश्न विचारायचा होता त्यांना, सगळ्यांसमोर. त्यांनी विचारला नाही. त्या म्हणाल्या, “मला फार वाईट वाटतं,” आणि पर्स उचलून दाराशी गेल्या. खाली बसून शूजच्या नाड्या बांधायला त्यांना वेळ लागला. कुणी ‘थांबा’ म्हणालं नाही.

घरी येताना गाडीत सई मागच्या सीटवरून म्हणाली, “बाबा, शी नेव्हर सेड गॅरंटी. शी हेट्स दॅट वर्ड.”

“चूप बस,” मी म्हणालो. मी मुलीला तसं कधी बोललो नव्हतो. अनघा खिडकीबाहेर बघत राहिली.

तिथंच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला ईमेल केला. लॅबमधली एक कर्मचारी आपल्या ओळखीच्या वृद्धांवर दबाव आणून लशी द्यायला लावते, खोटी आश्वासनं देते, असं लिहिलं. इंग्रजी चांगलं लिहिण्याबद्दल ऑफिसात माझी ख्याती आहे. ते पत्रही चांगलंच उतरलं होतं. चौकशी झाली. काकूंनी लस स्वतः दिलेलीच नव्हती, ती क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी रीतसर तपासून दिली होती, असं निघालं. मला तसं सभ्य उत्तर आलं. मी ते कुणाला दाखवलं नाही.

पुढच्या ऑक्टोबरात लिफ्टमध्ये नेहमीप्रमाणे काकूंची चिठ्ठी लागली: ‘शनिवारी फ्लूची लस. क्लिनिकमध्ये सकाळी दहापासून. सर्वांनी यावे.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, ‘गॅरंटी आहे का?’ अक्षर माझं नव्हतं. शब्द माझा होता. त्या शनिवारी आमच्या बिल्डिंगमधून कुणी गेलं नाही. संत्र्याच्या खेळालाही पोरं गेली नाहीत. त्यांना पाठवलंच नाही. काकूंच्या दारावरून खाली जाताना अनघाला आत टेबलावर लवंगांची वाटी दिसली. ती मला म्हणाली, “जाऊन माफी माग.” मी म्हणालो, “कशाबद्दल?”

त्या वर्षी लस चांगली जुळली होती. हे मी नंतर वाचलं. जानेवारीत मोहित्याची बायको, सातवा महिना असलेली, फ्लूनं आयसीयूत गेली. बाळ दोन महिने आधी झालं आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिलं. दोघं वाचली. तिच्यापाशी रोज कोण बसत होतं, ते सांगायला नको. मोहिते मला पार्किंगमध्ये भेटला. रागावला नाही, हीच पंचाईत होती. गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, “दरवर्षी घ्यायचो रे आम्ही. तुझ्या अण्णांबद्दल ऐकलं आणि म्हटलं, कशाला उगाच.”

काकूंचं काँट्रॅक्ट त्याच उन्हाळ्यात संपायचं होतं. दरवेळी ते आपोआप वाढायचं. त्या वर्षी वाढलं नाही. वय झालं म्हणून, की माझ्या पत्रामुळं, की दोन्ही मिळून, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नोकरी गेली की इथं व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की माणूस जातो; त्यात कुणाला फार नवल वाटत नाही. काकूंनी फ्रिज, कपाट, कुकर सगळं वाटून टाकलं. आमच्या घरी काही आलं नाही. जूनमधल्या एका दुपारी, रस्ता नुसता पेटलेला असताना, खाली टॅक्सी उभी राहिली. पठाण ड्रायव्हरनं दोन बॅगा डिकीत टाकल्या आणि “यल्ला, चलो अम्मा, एअरपोर्ट?” असं विचारलं. सहाव्या मजल्यावर काच सरकवून मी ते ऐकलं. काकूंनी मान वर करून एकदा बिल्डिंगकडे बघितलं. मी पडद्यामागं झालो. दोन मिनिटांनी पाहिलं तर सई खाली धावत गेली होती आणि टॅक्सीच्या खिडकीतून आत वाकून उभी होती.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. सई बारा वर्षांची आहे. गेल्या ऑक्टोबरात ती जेवता जेवता मला म्हणाली, “काकू वॉज आस्किंग, यंदा बाबानं टोचलं का?”

“कुठली काकू?”

“सुईकाकू. नाशिकला असते, बहिणीकडे. आय कॉल हर एव्हरी संडे. ममाला माहितेय.”

मी अनघाकडे पाहिलं. ती पोळी वाढत म्हणाली, “पहिल्यापासून.” माझ्या घरात दर रविवारी ही बाई येत होती आणि मला पत्ता नव्हता. आणि तिथून, बहिणीच्या घरातून, तिनं माझी चौकशी केली होती.

नंबर सईनं दिला. मी घरातून फोन केला नाही. खोर फक्कानला बंदराच्या गेटबाहेर, एसी चालू ठेवून, गाडीत बसून केला. सकाळचे अकरा वाजले असतील.

“हॅलो, कोण?”

“काकू, मंदार.”

“बोल.” त्यांच्या आवाजात नवल नव्हतं, रागही नव्हता.

मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. “काकू, त्या वर्षी मी लस घेतली नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं. ताप अंगात घेऊन अण्णांशेजारी मीच बसलो होतो. आणि नंतर तुम्हाला... तुम्ही त्यांना गॅरंटी दिली नव्हती. मी समोर होतो.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“माहीत होतं,” काकू म्हणाल्या.

“मग त्या दिवशी साठ्यांकडे बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर—”

“अण्णांनी शब्द घेतला होता. नळी घालायच्या आधी मी आत गेले होते. मास्क बाजूला करून म्हणाले, ‘बाई, पोराला ताप होता. माझ्याजवळ बसला होता. त्याला कुणी हे म्हणू देऊ नका. आयुष्यभर स्वतःला खात बसेल तो.’ मी हो म्हटलं. मग कसं बोलणार?”

समोर एक ट्रेलर गेटमधून बाहेर पडत होता. तो पूर्ण जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो.

“आणि हे बघ,” काकूच पुढे म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज लॅबमधला झाला, “तुझ्याकडूनच आला असं मी छातीठोक म्हणणार नाही. सईच्या शाळेतून आला असेल, लिफ्टमधून आला असेल. तू लस घेतली असतीस तरी त्या वर्षी तुला झाला नसता असंही नाही. एच नीट जुळत नव्हता. खरं ते खरं. तुझ्या डोक्यावर नसलेलं ओझं मी ठेवणार नाही.”

मला वाटलं, सुटलो. मी म्हणालो, “काकू, म्हणजे तुम्ही मला माफ—”

“नाही.”

त्या शांतपणे म्हणाल्या. “अण्णांना शब्द दिला होता, तो पाळला. तुला माफ करणं वेगळं काम आहे, आणि ते मला जमलं नाही. व्हायरसचं मी तुला लावत नाहीये. तू जे बोललास आणि लिहिलंस, ते तुला लावतेय. त्या चिठ्ठीखाली कुणीतरी लिहिलं होतं ना? मोहित्याचं बाळ मी काचेच्या पेटीत बघितलंय. आणि माझी लॅब गेली मंदार. इथं मी सकाळी उठते आणि मला कुठं जायचंच नसतं.”

मी गाडीचा एसी बंद केला.

“सईला मात्र रविवारी फोन करू दे,” त्या म्हणाल्या. “हुशार आहे पोरगी. मराठी सुधारतंय तिचं.”

मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

आता रविवारी संध्याकाळी सई तिच्या खोलीत फोन स्पीकरवर लावून बसते. दोघी शब्दकोडं सोडवतात. सई अडखळत अक्षरं मोजते आणि पलीकडून काकू तिला दुरुस्त करतात. मी मधल्या दाराजवळ बसतो, हातात पेपर धरून. कधीकधी काकू मोठ्यानं हसतात. सई माझी चाहूल लागली की उठते आणि दार लावून घेते.